मालिका एचडीत आणताना : वागळे इस्टेटमधल्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

निर्मात्यांच्या घरून सामान आलं. १६ मिमी निगेटिव्हचे पत्र्याचे गोल डबे, बहुतेक ४०० फुटी, काही १०० फुटी. पाऊण इंची यू-मॅटिक व्हिडिओ कॅसेटी. दोन खोक्यांत पाव इंची ध्वनिफिती. आणि एक जाड कंटिन्युइटी वही, म्हणजे चित्रणाच्या वेळच्या शॉट-टेकच्या नोंदी. ही वही डब्यांइतकीच मोलाची आहे. तिची आजच्या आज छायाप्रत काढून मूळ वही कपाटात ठेवली.

टीममध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी प्रकल्प थोडक्यात लिहून ठेवते. १९८८ मध्ये दूरदर्शनवर दाखवलेली तेरा भागांची प्रायोजित मराठी मालिका, प्रत्येक भाग साधारण २३ मिनिटांचा. ती घरच्या मोठ्या टीव्हीवर बघण्यासाठी एचडीत आणायची आहे. घोषणा होईपर्यंत तिचं नाव या वहीत येणार नाही.

मालिका चित्रित झाली फिल्मवर, पण संकलन झालं टेपवर. कॅमेऱ्यातून निघालेलं निगेटिव्ह लॅबमध्ये धुऊन टेलिसिनेवरून (फिल्मचं चित्र व्हिडिओत बदलणारं यंत्र) यू-मॅटिकवर उतरवलं, मग टेपवरून टेपवर कापाकापी केली, शीर्षकं आणि डिझॉल्व्ह मिक्सरवर टाकले, आणि तयार भागाची प्रत दूरदर्शनला गेली. म्हणजे अख्खा भाग फक्त टेपवर आहे. फिल्म आहे ती सुट्या शॉट्सची: क्लॅप, फसलेले टेक, 'कट' म्हटल्यानंतरही चालू राहिलेला कॅमेरा, सगळ्यासकट.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेचं असंच होतं. ३५ मिमीवर चित्रण, संकलन आणि ट्रिक दृश्यं टेपवर. २०१२ ते २०१४ या काळात सातही सीझन मूळ निगेटिव्हवरून नव्यानं जुळवून ब्लू-रेवर आले. तिच्यानंतरची 'डीप स्पेस नाइन' तशाच पद्धतीनं बनलेली, पण तिच्यावर तेवढा खर्च करायला कुणी पुढे आलं नाही, ती आजही एसडीतच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या स्पष्टतेतच आहे. आपल्याकडच्या तेरा भागांचा जीव लहान आहे म्हणून हे जमण्यासारखं आहे.

१८ जून

मालिका दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या मंडळींबरोबर पहिली बैठक. त्यांचा प्रश्न साहजिक होता: टेपवर तयार भाग आहेत, तेच मोठे करून का नाही देत?

फळ्यावर आकडे मांडले. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. डिजिटल केल्यावर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १५ हजारांच्या आसपास पिक्सेल. एचडीत आपल्या चौकोनी चौकटीला १४४० गुणिले १०८० जागा मिळते, म्हणजे साडेपंधरा लाख. पावणेचारपट. टेपवरून जायचं तर एका खऱ्या पिक्सेलमागे पावणेतीन पिक्सेल सॉफ्टवेअरनं मनानं भरायचे. त्यातही यू-मॅटिकवर रंगाचा संकेत खालच्या वारंवारितेला उतरवून नोंदवतात, त्यामुळे रंग कडेबाहेर ओघळतो. आणि दूरदर्शनला गेलेली प्रत ही प्रतीची प्रत. २१ इंची टीव्हीवर हे सगळं खपून जायचं, काचेचा स्वतःचा मऊपणा त्यावर पांघरूण घालायचा. ५५ इंचांवर काहीच झाकलं जात नाही.

निगेटिव्हमध्ये मात्र एचडीला पुरून उरेल इतका तपशील १९८८ पासून बसून आहे. त्यांना ते पटलं. मुदत नोव्हेंबरअखेरची मिळाली.

२६ जून

डबे उघडले की खोलीभर व्हिनेगरचा वास. ॲसिटेटच्या फिल्मचा हा रोग सगळ्यांना ठाऊक आहे: दमट आणि उष्ण हवेत फिल्मची पारदर्शक पट्टी (बेस) विघटित होते, ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं. ठाण्यातल्या एका माळ्यावर इतके पावसाळे काढल्यावर दुसरं काय होणार! प्रत्येक डब्यात आम्लता तपासायची निळी पट्टी ठेवून दिली होती. निळी राहिली तर फिल्म ठीक, हिरवी झाली तर सुरुवात, पिवळी झाली तर तातडी. बहुतेक पट्ट्या हिरवट निघाल्या. दोन डब्यांतल्या पिवळ्याधमक. ते दोन्ही लगेच वेगळ्या खोलीत हलवले, कारण त्यांच्या वाफेनं शेजारचे डबेही बिघडतात. गंजके डबे बाजूला काढून सगळी फिल्म हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यांत घातली.

आकसणं मोजलं. सगळ्यात वाईट रीळ एक टक्क्याच्या जरा आत आहे. दातेरी चाकांच्या जुन्या यंत्रात हे चालवायला मी धजावले नसते. आपला स्कॅनर बिनदात्यांचा, रबरी रोलरवर फिल्म नेतो, त्यामुळे भोकांवर ताण येत नाही. तरीही वेग निम्मा ठेवायचा, आणि पिवळ्या पट्टीचे डबे सर्वांत आधी घ्यायचे.

डीह्युमिडिफायर रात्रीही बंद करायचा नाही. बादली भरली की ओतायची जबाबदारी रात्रपाळीची.

४ जुलै

पहिलं स्कॅन. २०४८ गुणिले १५५६, १० बिट. एका मिनिटाला सुमारे १९ जीबी जागा खातं, त्यामुळे साठवणुकीचा हिशेब आताच पक्का करावा लागेल. ४०० फुटी रीळ २५ फ्रेमच्या वेगानं १० मिनिटं ४० सेकंद चालतं, म्हणजे एका रिळाला २०० जीबी धरून चालायचं.

भाग १ मधला पत्राचा शॉट आधी लावला. नायिका ओसरीवर खांबाला टेकून आंतरदेशीय पत्र वाचते आहे. टेपवर तिच्या हातात निळसर ठिपका दिसतो, बस्स. स्कॅनमध्ये पत्राच्या घड्या दिसल्या, शिक्क्याचं अर्धवट वर्तुळ दिसलं, आणि वर नाजूक अक्षरात 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' इतकं वाचता आलं. पुढे कथेत जो मजकूर आवाजात ऐकू येतो, तोच शब्दन् शब्द त्या कागदावर लिहिलेला आहे. प्रेक्षकांना तो दिसणार नाही हे कलादिग्दर्शकांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी तो लिहवून घेतला. स्कॅनरजवळ उभे असलेले आम्ही सगळेच गप्प झालो. निर्मात्यांच्या कन्या आल्या होत्या, त्यांनी अक्षर ओळखलं: "हे आईचं अक्षर आहे."

दुसरा शॉट, त्याच ओसरीवरच्या आजींचा. त्या इरकली नेसल्या आहेत. टेपवर तिच्या बारीक चौकड्यांवर इंद्रधनुष्य नाचतं, कारण एकाच तारेतून येणाऱ्या चित्रात बारीक रेघा आणि रंग यांची सरमिसळ होते आणि टीव्हीला रेघ म्हणजे रंग वाटतो. निगेटिव्हवर तो गोंधळ मुळातच नाही. चौकडीचा धागा, काठाची वीण, पदराचं रेशीम, सगळं जागच्या जागी.

१५ जुलै

सगळ्या डब्यांची नोंद वहीशी ताडून झाली. भाग ५ आणि भाग ९ चं निगेटिव्ह नाही. वहीत त्यांच्या रिळांचे क्रमांक आहेत, पण डबे नाहीत. हे दोन भाग एकाच वेळापत्रकात, कोकणातल्या बाह्यचित्रणात उरकले होते, त्यामुळे ते लॅबला एकत्र गेले असावेत आणि परत आलेच नसावेत. ती लॅब बंद होऊन बरीच वर्षं झाली.

या दोन भागांसाठी यू-मॅटिकच आधार. त्या कॅसेटी लावल्या तर यंत्र किरकिरतं आणि हेडवर तपकिरी चिकटा बसतो. टेपच्या पृष्ठभागावरचं चिकटद्रव्य हवेतलं पाणी शोषून मऊ पडतं, त्याचा हा परिणाम. उपाय ठरलेला: नियंत्रित उष्णतेच्या पेटीत ५० ते ५४ अंशांवर काही तास भाजायचं, सावकाश थंड होऊ द्यायचं आणि फार दिवस न दवडता चालवून घ्यायचं. स्वयंपाकाच्या ओव्हनचा विचारही नको, त्याचा पारा स्थिर राहत नाही. भाजलेल्या टेपचा टिकाव तात्पुरता असतो, म्हणून पहिल्याच चालीत टेपच्या चित्राची डळमळ सरळ करणाऱ्या टाइम बेस करेक्टरमधून थेट अनकॉम्प्रेस्ड उतरवायचं. एकाच कॅसेटच्या अनेक चाली घेतल्या तर एका चालीत जिथं चित्र तुटतं तिथं दुसऱ्या चालीचा तुकडा वापरता येतो.

७ ऑगस्ट

जुळवणी. या प्रकल्पाचा खरा वेळ इथं जातो आहे.

पडद्याच्या डाव्या अर्ध्यात टेपवरचा तयार भाग, उजव्यात स्कॅन. सॉफ्टवेअर चित्र ओळखून अंदाज देतं, पण शेवटी माणसालाच फ्रेम पकडावी लागते. एक गोष्ट आपल्या बाजूची: पालमध्ये फिल्मची एक फ्रेम म्हणजे टीव्हीची एक फ्रेम, त्यामुळे मोजणी सरळ. अमेरिकेत २४ फ्रेम ६० फील्डमध्ये (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) बसवायला एका फ्रेमला तीन आणि दुसरीला दोन फील्ड द्यावी लागतात, तिथं तो गुंता आधी सोडवावा लागतो.

मूळ संकलक डोंबिवलीला राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पण बोलावल्यावर लगेच आले. भाग २ मध्ये सासऱ्यांसमोर चहा ठेवण्याचा शॉट आहे. टेक दोन आणि टेक तीन इतके सारखे की सॉफ्टवेअरनं तिसरा सुचवला. काकांनी मान हलवली.

"दुसरा घे."

"काका, टेपवर तर फरकच कळत नाही."

"अगं, दुसऱ्याला तिचा पदर घसरला आणि तिनं बशी खाली न ठेवता कोपरानं सावरला. दिग्दर्शक म्हणाले, हेच हवं. नवी सून असाच सावरेल."

टेक दोन लावला. पदर घसरतो, कोपर वर जातं. मग टेपकडे बघितलं तर त्याच फ्रेमला तिच्या खांद्यापाशी एक डाग हलताना दिसला. शॉट बदलला.

त्यानंतर काकांना विचारल्याशिवाय एकही संशयास्पद टेक पक्का करत नाही. त्यांच्या डोक्यात आहे ते कुठल्याच वहीत नाही. कुठल्या दृश्याआधी प्रायोजकाची जाहिरात होती म्हणून तिथं जरा लांब थांबलं, कुठं आवाज आधी आणि चित्र मागून आणलं, हे ते सांगतात आणि मुलं लिहून घेतात. दुपारी त्यांना जांभळी नाक्यापर्यंत पायी जायचं असतं, सोबतीला कोणीतरी द्यावं.

भाग ३ मधला विहिरीवरचा एक छोटा शॉट कुठल्याच रिळात नाही. तो टेपवरून घ्यावा लागेल. 'नेक्स्ट जनरेशन'वाल्यांनाही काही सेकंद असेच टेपवरून उचलावे लागले होते. नोंद केली: कोणता शॉट, कितीपासून कितीपर्यंत. अशी यादी प्रत्येक भागाला जोडायची.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबलेला नाही. गाड्या बंद, निम्मी माणसं घरी. वीज दोनदा गेली. स्कॅनर सुरक्षितपणे बंद केला, डीह्युमिडिफायर बॅकअपवर. आज काम नाही, फक्त डब्यांच्या खोलीची आर्द्रता दर तासाला लिहिली.

१० सप्टेंबर

गणपतीनंतर पुन्हा पूर्ण हजेरी. शीर्षकं हाती घेतली.

शीर्षकांच्या पाट्या हातानं लिहिलेल्या. काळ्या कार्डावर पांढरी अक्षरं, ती कॅमेऱ्यासमोर ठेवून थेट टेपवर घेतलेली. मूळ कार्डं सापडली नाहीत. प्रयोग म्हणून एक पाटी अपस्केल करणाऱ्या एआय प्रणालीतून काढली. निकाल पुढच्या माणसांना दाखवण्यासाठी जपून ठेवला आहे: 'श्र'ची गाठ तुटून नुसती रेघ उरली, 'रु'चा उकार 'रू'सारखा लांबला, शिरोरेषा अक्षरागणिक तुटून रोमन अक्षरांसारखी सुटी झाली. त्या प्रणालीला धारदार कड म्हणजे काय हे कळतं, देवनागरी कळत नाही.

मग साधा गणिती मार्ग घेतला. पाटी पडद्यावर चार सेकंद स्थिर असते, म्हणजे १०० फ्रेम. त्या अर्ध्या पिक्सेलच्या आत नेमक्या एकमेकींवर बसवून सरासरी काढली. मुंग्या प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या असतात, अक्षर तेच असतं, त्यामुळे मुंग्या दहापट विरतात आणि अक्षर उरतं. त्यावरून आपल्या अक्षरकार बाईंनी पेननं प्रत्येक अक्षर गिरवलं. बोरूच्या तिरक्या टोकानं जाड-बारीक होणारी वेलांटी तशीच ठेवली. एका नावात मूळ लेखकानं अनुस्वार जरा डावीकडे दिला आहे, तोही तिथंच ठेवला.

श्रेयनामावली मात्र वर सरकत जाते आणि ती खरोखरची इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं, सेकंदाला ५० वेळा हलते. ती नव्यानं लिहून २५ फ्रेममध्ये चालवली तर धक्के जाणवतात. वेग ओळींच्या पूर्ण पटीत ठेवून आणि हलकासा मोशन ब्लर देऊन सुटलं.

२३ सप्टेंबर

चौकटीचा वाद. प्लॅटफॉर्मकडून विचारणा: पडदा भरून १६:९ देता येईल का, बाजूच्या काळ्या पट्ट्या लोकांना आवडत नाहीत.

४:३ चं १६:९ करायचं तर उंचीतला बरोबर पाव भाग कापावा लागतो. बोलत बसण्यापेक्षा भाग १ मधलं माप ओलांडण्याचं दृश्य दोन्ही प्रकारे करून दाखवलं. कॅमेरा उंबरठ्याच्या आत, नवी सून दारात, वर चौकटीला तोरण, खाली तांदळानं भरलेलं माप. छायालेखकांनी तोरणापासून मापापर्यंत एकच उभी रचना बांधली आहे. वरून कापलं तर तिच्या कपाळावरच्या मुंडावळ्या जातात, खालून कापलं तर माप जातं, आणि सून हवेत पाय उचलते. दोन्हीकडून थोडं थोडं कापलं तर दोन्ही जातं. 'साइनफेल्ड' ही अमेरिकन मालिका २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात नेमका खड्डाच चौकटीबाहेर गेला होता, तेही सांगितलं.

४:३ पक्कं. लेखी घेतलं.

उलट बाजूची एक काळजी. निगेटिव्हच्या कडांना टेपवर नव्हता असा भाग आहे. जुने टीव्ही चारी बाजूंनी थोडं चित्र पोटात घ्यायचे, म्हणून त्या कडांना माइकचा दांडा, दिव्याचा स्टँड, एकदा तर सहायकाचा हात आहे. जास्त चित्र मिळतंय म्हणून सगळं उघडायचं नाही. टेपच्या चौकटीच्या जवळ राहायचं.

८ ऑक्टोबर

ग्रेडिंग, म्हणजे चित्राचे रंग ठरवणं. छायालेखक आता नाहीत. त्यांच्या जागी आपल्याकडे वही आहे.

भाग ४, पहाटेचं दृश्य. वडील न सांगता घर सोडतात, अंगणातून फाटकापर्यंत चालत जातात. स्कॅनमध्ये सगळं निळं. आपल्या कलरिस्टनं सवयीनं पांढरं पांढऱ्यावर आणलं. दिसायला छान: कौलं लालसर, तुळस हिरवीगार. मग वहीत त्या दृश्यापुढे लिहिलेलं वाचलं: '८५बी काढला.'

दिव्याच्या प्रकाशासाठी बनलेली फिल्म उन्हात वापरायची तर कॅमेऱ्यावर ८५बी हा नारिंगी फिल्टर लावतात, नाहीतर चित्र निळं येतं. आजूबाजूच्या सगळ्या बाह्यदृश्यांपुढे '८५बी' असंच आहे. या एका दृश्याला त्यांनी तो मुद्दाम काढला. त्यांना ती पहाट निळीच हवी होती. तो माणूस घर सोडून जात असताना घराचे रंग दिसू नयेत, हा त्यांचा निर्णय होता. यू-मॅटिकवरही थोडी निळाई आहे, पण टेलिसिनेवाल्यानं तीही अर्धी सुधारलेली दिसते. कलरिस्टनं स्वतःच आपलं ग्रेड काढून टाकलं आणि निळं परत आणलं, इतकं की फाटकाजवळच्या कंदिलाचा तेवढा पिवळा ठिपका उठून दिसतो. ते दृश्य टेपवर कधीच असं दिसलं नव्हतं. १९८८ मध्ये ज्यांनी ते पाहिलं असेल, त्यांनाही ही पहाट आता पहिल्यांदा दिसेल.

सासऱ्यांच्या खोट्या मिशीखालची जाळी एचडीत स्पष्ट दिसते. ती रंगवून झाकावी का, असं निर्मात्यांच्या कन्येनं विचारलं. फ्रेमागणिक रंगवलं तर ओठांच्या हालचालीशी खेळ होतो आणि अभिनयाला हात लागतो. त्या भागातला कॉन्ट्रास्ट किंचित उतरवला, पुढे काही केलं नाही. धूळ, ओरखडे आणि रिळाच्या जोडावरची उडी काढायची. फिल्मचा दाणा राहू द्यायचा, तो चित्राचाच भाग आहे.

२९ ऑक्टोबर

दिवाळी झाली. ध्वनी.

अंतिम मिश्रण फक्त टेपवर आहे. पाव इंची फितींवर जागेवर ध्वनिमुद्रित केलेले संवाद आहेत, पण त्यांत पार्श्वसंगीत नाही. पाया टेपचाच ठेवला आणि जिथं टेपवर आवाज खरडला गेलाय तिथं फितीवरचे शब्द बसवले. विजेच्या मेन्सचा ५० हर्ट्झचा गुंजारव आणि त्याच्या पटी काढल्या. डब केलेल्या प्रसंगांत एक बारीक शिटी आहे, १५,६२५ हर्ट्झची. ६२५ ओळी गुणिले २५ फ्रेम: डबिंगच्या खोलीतल्या टीव्ही मॉनिटरची ती शिटी. आमच्या सर्वांत लहान सहायिकेनं ती पकडली. काकांना आणि मलाही ती ऐकू येत नाही, आलेखावर मात्र सरळ रेघ दिसते. अरुंद गाळणी लावून काढली.

हक्कांचं काम समांतर चालू आहे. कथा ज्या लेखकाची, त्यांच्या वारसांची परवानगी मिळाली (लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतो). शीर्षकगीताचे गीतकार आणि संगीतकार यांच्या वाट्याची रॉयल्टी करारात घातली. सिनेमागृहाबाहेरच्या वापरासाठी ती द्यावी लागते, २०१२ च्या दुरुस्तीनं तो हक्क सोडूनही देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. भाग ७ मध्ये रेडिओवर एक चित्रपटगीत वाजतं आणि आत्या त्यावर बोलत राहते. गाणं आणि संवाद एकाच ट्रॅकवर असल्यानं वेगळं करणं कठीण. परदेशात 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' या अमेरिकन मालिकेच्या डीव्हीडीवर महागडी गाणी काढून दुसरं संगीत भरलं होतं, चाहत्यांना ते फार लागलं. निर्मात्यांच्या कन्येनं पैसे भरून परवाना घ्यायचं ठरवलं. गाणं राहील.

१३ नोव्हेंबर

भाग ५ आणि ९ चा निर्णय आज झाला. मला या सगळ्या कामातली हीच बैठक सर्वांत महत्त्वाची वाटत होती.

प्लॅटफॉर्मचं म्हणणं: अकरा भाग झळझळीत आणि मध्येच दोन धूसर, प्रेक्षक तक्रार करतील. एआयनं ते दोन्ही उजळून घ्या, सगळं एकसारखं दिसू द्या. त्यांनी बाहेरून नमुना करूनही आणला होता.

नमुना आमच्या मोठ्या मॉनिटरवर लावला. भाग ९ मध्ये आजी अंगणात सुपारी कातरत बसल्या आहेत. नमुन्यात त्यांचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत. कपाळावरचं गोंदण मशीनला डाग वाटलं, ते पुसलं गेलं. मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नव्हती. मग भाग ८ मधल्या त्याच आजी लावल्या, निगेटिव्हवरून आलेल्या: तीन ठिपक्यांचं हिरवट गोंदण, डोळ्यांखालच्या घड्या. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. त्या अभिनेत्री आता हयात नाहीत. त्यांचा चेहरा जसा होता तसा आपल्याकडे अकरा भागांत आहे. उरलेल्या दोन भागांत कुणा दुसऱ्याच बाईचा चेहरा त्यांच्या नावावर दाखवायला मी तयार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. निर्मात्यांच्या कन्या म्हणाल्या, "गोंदण पुसलेलं मी बघूच शकत नाही." त्यावर फार बोलणं झालं नाही.

आम्ही जे करणार आहोत ते असं. मालिका २५ फ्रेमवर चित्रित झाल्यानं टेपवरच्या दोन फील्डमध्ये एकाच क्षणाचं चित्र आहे. ती नुसती परत विणली की ५७६ ओळींची पूर्ण फ्रेम मिळते, मधल्या ओळी कल्पनेनं भराव्या लागत नाहीत. काही जोडांनंतर फील्डची जोडी एका फील्डनं सरकली आहे आणि चित्राला कंगव्यासारखे दाते येतात, ते जोड शोधून सरळ केले. इरकलीवरचं इंद्रधनुष्य रेघा आणि रंग वेगळे करणाऱ्या चांगल्या 'कोम' फिल्टरनं पुष्कळ खाली येतं. वेगवेगळ्या चालींतून तुटलेल्या ओळी भरल्या. मग साध्या गणिती पद्धतीनं १०८० पर्यंत मोठं करायचं, कडा धारदार करायच्या नाहीत. आणि दोन्ही भागांच्या सुरुवातीला पाच सेकंदांची पाटी: 'या भागाचं मूळ निगेटिव्ह उपलब्ध नाही. हा भाग १९८८ च्या प्रक्षेपण टेपवरून तयार केला आहे.' पाटी अक्षरकार बाईच लिहिणार.

प्लॅटफॉर्मनं मान्य केलं. त्यांच्या तंत्र विभागातला तरुण जाताना म्हणाला, "मॅडम, ५ आणि ९ ची टेप मी एवढी स्वच्छ पहिल्यांदा बघितली."

२८ नोव्हेंबर

तेराही भाग सुपूर्द. १०८०पी, २५ फ्रेम, बाजूच्या पट्ट्यांसकट. रंगाची मॅट्रिक्स ७०९, म्हणजे एचडीचं रंगमानक. टेपवरून आलेले शॉट ६०१ या एसडीच्या मानकावरून बदलून तपासले. मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं वेगळ्या फायलीत. ब्लू-रेचा विषय मागे पडला आहे, पण निघालाच तर लक्षात ठेवायचं की ब्लू-रेच्या मानकात १०८०पी २५ (पूर्ण फ्रेम) नाही, तेच चित्र १०८०आय ५० (सेकंदाला ५० फील्ड) म्हणून भरावं लागतं.

कच्च्या स्कॅनच्या एलटीओ या साठवणुकीच्या टेपवर दोन प्रती, एक इथं, एक निर्मात्यांकडे. माळ्यावर आता काही जाणार नाही. निगेटिव्ह थंड, कोरड्या जागेत ठेवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारणा करणारं पत्र निर्मात्यांच्या सहीनं तयार आहे. पिवळ्या पट्टीचे दोन डबे तोवर आपल्या शीतकपाटात.

भाग ५ आणि ९ च्या रिळांचे क्रमांक वहीतून उतरवून बंद लॅबच्या दोन जुन्या कर्मचाऱ्यांकडे आणि बाह्यचित्रणाच्या वेळच्या सहायकांकडे पाठवले आहेत. एकजण म्हणाले, त्या लॅबचं काही सामान भिवंडीच्या एका गोदामात गेलं होतं, मालकाला विचारून कळवतो. जानेवारीत स्कॅनरचा एक आठवडा या दोन भागांसाठी मोकळा ठेवला आहे. जुळवणीचा टाइमलाइन तयार आहे, टेपच्या जागी फिल्मचे शॉट बसवायचे एवढंच.